सौंदत्तीचा शत्रू, दाजीबानपेठेचा मूळपुरुष

हुबळी : कार्तिक शुद्ध सप्तमीला सोमवंश सहस्रार्जुन क्षत्रिय, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरळ एसएसके म्हणतात, तो समाज आपल्या मूळपुरुषाची जयंती करतो. हुबळी, गदग-बेटगेरी, सोलापूर अशा गावांत या समाजाची मोठी वस्ती आहे. हुबळीत त्यांचं ठळक ठिकाण म्हणजे दाजीबानपेठेतलं तुळजाभवानी मंदिर. त्यानंतर सव्वा महिन्याने मार्गशीर्ष पौर्णिमा येते आणि धारवाडपासून ४० किलोमीटरच्या आसपास असलेल्या सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मा विधवा होते. तिचा नवरा जमदग्नी. त्याला मारलं सहस्रार्जुनाच्या मुलांनी.

म्हणजे इकडे ज्याची जयंती, तिकडे त्याच्याच घराण्यामुळे बांगड्या फुटतात. कथा एकच आहे. ती कोण सांगतो यावर बाकी सगळं ठरतं.

आधी कथा. यल्लम्मा म्हणजेच रेणुका. नवऱ्याच्या पूजेसाठी ती रोज नदीवर जाऊन वाळूचा घडा करायची आणि सापाची चुंबळ करून तो डोक्यावर घ्यायची. एके दिवशी पाण्यात राण्यांसोबत खेळणारा गंधर्व राजा तिला दिसला, मन क्षणभर हललं, आणि घडा काही वळेना. जमदग्नी भडकला. मुलांना म्हणाला, आईला मारा. थोरल्यांनी नकार दिला, परशुरामाने मान उडवली आणि मग वर मागून तिला जिवंत करून घेतलं. सौंदत्तीकडच्या सांगण्यात मध्ये आणखी एक भाग येतो : शापाने तिच्या अंगावर कोड फुटतं आणि जोगुळबावीच्या पाण्याने ते बरं होतं. म्हणून आजही भाविक आधी तिथे अंघोळ करतात, मग डोंगर चढतात.

पुढे माहिष्मतीचा हैहय राजा कार्तवीर्य अर्जुन आश्रमात येतो. दत्तात्रेयाच्या वराने त्याला हजार हात मिळालेले, म्हणून तो सहस्रार्जुन. तो ऋषीची गाय नेतो, परशुराम त्याला मारतो, त्याची मुलं जमदग्नीला मारतात आणि परशुराम २१ वेळा क्षत्रियांचा नाश करतो.

इथून दाजीबानपेठेची बाजू सुरू होते. समाजात सांगतात ते असं, की त्या संहारातून वाचलेल्यांना देवीने आसरा दिला. त्यांनी शस्त्र ठेवलं आणि माग धरला. रेशीम विणणारे म्हणून कानडीत त्यांना पट्टेगार म्हणतात. जरतारघर हे आडनावच धंदा सांगतं. पुरुषांच्या नावाला 'सा' लागतो, आणि घरात बोलतात ती भाषा गुजराती-मराठीशी नातं सांगणारी, कानडीशी नाही. माहिष्मती म्हणजे नर्मदेकाठचं महेश्वर, असं मानलं जातं. तिथे सहस्रार्जुनाचं राजराजेश्वर मंदिर आहे आणि त्यात तुपाचे अकरा नंदादीप तेवत असतात. आपण ज्याला खलनायक म्हणून ऐकत आलो, तो तिथे देव आहे.

रेशीम विणणाऱ्यांकडे कथा असतेच म्हणा. चीनमध्ये सांगतात की पीत सम्राटाची राणी लैझू चहा पीत असताना कपात कोश पडला, त्याचा धागा सुटत गेला आणि रेशीम सापडलं. पुढे तिला रेशमाची देवी मानलं गेलं. आपल्या संस्कृतातही रेशमी वस्त्राला 'चीनांशुक' म्हणतात. फरक एवढाच, की चीनची कथा धागा कुठून आला ते सांगते आणि दाजीबानपेठेची कथा माणसं कुठून आली ते.

माणसं खरंच अशी येतात का? मध्य प्रदेशातल्या मंदसोरच्या शिलालेखात लाट देशातून, म्हणजे आजच्या दक्षिण गुजरातेतून, आलेल्या रेशीम विणकरांच्या श्रेणीची नोंद आहे. त्यांच्यातले काही धनुर्विद्येकडे वळले, आणि श्रेणीने इ.स. ४३७च्या सुमारास सूर्यमंदिर बांधलं. हे एसएसकेंचेच पूर्वज, असा अर्थ कुणी काढू नये. पण विणकर देश बदलतात आणि माग व शस्त्र एकाच समाजात नांदू शकतात, एवढं त्यावरून कळतं.

आता पुन्हा डोंगराकडे. कोल्हापूर, सांगली, सोलापूरहून गाड्या भरून माणसं सौंदत्तीला जातात. परतल्यावर कोल्हापुरात आंबील यात्रा होते. मार्गशीर्षातली ती रांडाव पुनव; त्यानंतर अहेव पुनवेला देवी पुन्हा सवाष्ण होते. कॉमर्सचा माणूस म्हणून माझं लक्ष बांगडीवाल्यांकडे जातं : एका पुनवेला फुटलेला चुडा दुसऱ्या पुनवेला भरावाच लागतो.

पण याच कथेच्या नावावर मुली देवीला सोडल्या गेल्या, आणि त्या बहुतेक दलित घरांतल्या. केसांत जट झाली की देवीचं बोलावणं आलं म्हणायचं. जट होते ती केस न विंचरल्याने, न धुतल्याने; एकदा झाली की भीतीने कुणी कात्री लावत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आज गावोगाव जाऊन ती कापून देतात. देवदासींची परिषद १९७५ साली गडहिंग्लजला झाली, सीमेपासून हाकेच्या अंतरावर.

कायदा त्याच्याही आधीचा आहे. धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे १९३४चा मुंबई देवदासी संरक्षण कायदा इथेही लागू होता. कर्नाटकने १९८२ मध्ये स्वतःचा कायदा केला, महाराष्ट्राचा नवा कायदा २००५चा. कर्नाटकच्या १९८२च्या कायद्यात मुलगी सोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होती. सोडणारा आई-बाप, पालक किंवा नातेवाईक असेल तर कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं.