नाव लेकीचे, छापले अब्बांचे

आमच्या जळगावच्या भाचीचा पहिला शोधनिबंध छापून आला, तेव्हा घरात मिठाई वाटली गेली. वर्षभराने कुणा संशोधकाने त्या निबंधाचा आधार घेतल्याचे कळले. भाचीने संदर्भयादी उघडली, तर तिचे नाव कुठेच नाही. 'शेख'मध्ये नाही, तिच्या स्वतःच्या नावाखाली नाही. अखेर ते सापडले 'रहीम' या नावाखाली. रहीम म्हणजे तिचे अब्बा, मेहरूणमध्ये किराणा दुकान चालवणारे. ते हसून म्हणाले, "बेटी, मैंने तो कुछ लिखाच नहीं!"

पुढे प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत तिच्या निबंधांचा किती जणांनी आधार घेतला, असा प्रश्न आला. तेव्हा हे हसू मावळले. तिचे काम तीन वेगवेगळ्या नावांखाली विखुरले होते आणि तिच्या नावावर एकच निबंध दिसत होता.

असे का होते? आपल्या खान्देशात नाव लिहिण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. शाळेच्या दाखल्यावर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. त्यात मुस्लिम घरांत आडनाव दोनदा येते: शेख सलमा शेख रहीम. मतदारयादीत त्याचेच 'शे. सलमा शे. रहीम' होते. जळगाव-धुळ्यात यात कुणाचा गोंधळ होत नाही. पण संदर्भ नोंदवणारी संगणकप्रणाली नावाचे दोनच कप्पे ओळखते, एक स्वतःच्या नावाचा आणि दुसरा कुटुंबाच्या नावाचा. अख्खे नाव एका ओळीत दिले आणि स्वल्पविराम नसला, की ती बहुधा शेवटचा शब्द आडनाव समजते. मग सलमाचा निबंध 'रहीम, शे. स. शे.' यांचा होतो.

धुळ्यात ज्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे आहे, ते इतिहासाचार्य 'राजवाडे, वि. का.' म्हणून यादीत सुखाने बसतात. धरणगावचे बालकवी शोधायचे तर 'ठोंबरे' हे आडनाव ठाऊक असावे लागते. आपल्या नावांचा पेच याहून थोडा अवघड आहे. 'शेख' हा एकच शब्द पाहा. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद यांच्या नावात तो आडनाव नव्हे. त्यांना 'महंमद, शेख' असे उलटवले तर नाव मोडते. बार्शीचे शाहीर अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. तिथे 'शेख' त्यांनी स्वतः स्वीकारलेल्या नावाचा भाग आहे. आपल्याकडे तर एकाच घरात एका भावाच्या दाखल्यावर 'शेख' आणि दुसऱ्याच्या दाखल्यावर 'पिंजारी' असते.

'अब्दुल'ची गोष्ट आणखी नाजूक. अब्दुल रहमान म्हणजे रहमानचा बंदा. हे दोन शब्द मिळून एक नाव होते. प्रणाली ते तोडून 'रहमान, अ.' करते, आणि बंद्याला अल्लाहचे नाव एकट्याने चिकटवले जाते. 'मोहम्मद'चे इंग्रजीत आखूड रूप 'एमडी' लिहिले, तर वाचणाऱ्याला वैद्यकीय पदवी वाटते. 'बानो', 'खातून', 'बी' हे शब्दही आडनावाच्या कप्प्यात जाऊन बसतात.

खरे तर नावे नीट ओळखण्याचे शास्त्र आपल्या बुजुर्गांनी फार पूर्वी उभे केले. हदीस कुणाकडून आली हे पारखण्यासाठी रावींची नावे, वडील, गाव आणि उस्ताद नोंदवले गेले. इमाम बुखारी (रह.) यांनी 'अत्तारीखुल कबीर'मध्ये रावी नावांनुसार लावले आणि आरंभ मुहम्मद नावाच्या रावींपासून केला. खतीब बगदादी (रह.) यांनी तर एकाच नावाच्या वेगवेगळ्या रावींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. एकाचे बोल दुसऱ्याच्या नावावर जाऊ नयेत, हीच त्यामागची काळजी होती.

ग्रंथपालांनीही हे मान्य केले आहे. १९६१ साली पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरले, की लेखकाचे नाव कोणत्या शब्दाखाली नोंदवायचे हे शक्य तेथे त्याच्या देशातील रूढीवरून ठरवावे. म्हणजे आपली रीत चुकीची नाही. ती समोरच्याला नीट कळवावी मात्र लागते.

म्हणून घरात कुणी एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करत असेल, तर काही गोष्टी आधीच ठरवाव्यात. पहिला निबंध पाठवण्यापूर्वी नावाचे एकच रूप आणि एकच इंग्रजी स्पेलिंग पक्के करावे, शक्यतो दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे. आडनावाच्या रकान्यात फक्त 'शेख' भरावे. रकाना एकच असेल तर 'शेख' लिहून स्वल्पविराम द्यावा आणि मग उरलेले नाव लिहावे. 'अब्दुर्रहमान' जोडूनच लिहावे. ऑर्किड हा सोळा अंकी क्रमांक २०१२ पासून संशोधकांना मोफत मिळतो. तो घेतला, की नावे सारखी असली तरी माणसे वेगळी राहतात. त्यात आपली इतर नावेही नोंदवता येतात.

मुलींसाठी एक गोष्ट विशेष. निकाहनंतर वडिलांचे नाव सोडावे, असे शरीअत सांगत नाही. ज्या नावाने पहिला निबंध छापला, तेच नाव लेखनात कायम ठेवावे. डॉ. यू. म. पठाण यांचे पूर्ण नाव युसुफखान महंमदखान पठाण. पण पुस्तकांवर ते 'यू. म. पठाण' असेच राहिले, आणि १९९० मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेही याच नावाने.

आमच्या भाचीने संपादकांना पत्र लिहिले आणि मूळ नोंद दुरुस्त झाली. पण आधी छापलेल्या याद्यांत अजून अब्बाच लेखक आहेत. आता दुकानात ओळखीचे कुणी आले, की ते अभिमानाने सांगतात, "लिखा उसने, नाम मेरा छपा." भाची मात्र प्रत्येक नवा निबंध पाठवण्याआधी तो स्वल्पविराम दोनदा तपासते.