गुडघा बदलल्यावर घरी कधी?

देवनारच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीतल्या आजींचा गुडघा बदलायचं ठरलं की घरचे आधी विचारतात, "किती दिवस ठेवतील?" आणि शेजारीपाजारी लगेच वय मोजायला लागतात.

गैरसमज : वय जास्त, म्हणजे मुक्काम जास्त.
वयाचा वाटा आहे, पण वाटतो तेवढा नाही. ऑस्ट्रेलियात तयार झालेली 'रॅप्ट' ही १२ गुणांची प्रश्नावली पेशंट हॉस्पिटलातून थेट घरी जाऊ शकेल का, याचा अंदाज ऑपरेशनआधीच बांधते. प्रश्न सहाच : वय, स्त्री की पुरुष, किती अंतर चालता, काठी लागते का, बाहेरची मदत घ्यावी लागते का आणि घरी सांभाळणारं कुणी आहे का. गुण जितके जास्त, तितकी थेट घरी जाण्याची शक्यता जास्त. वयाला जास्तीत जास्त २ गुण, शेवटच्या प्रश्नाला मात्र ३. काठी टेकत का होईना, नाक्यापलीकडे जाऊन येणाऱ्या ७८ वर्षांच्या आजींना, मुलगा रजा काढून घरी थांबणार असेल तर ८ गुण मिळतात. काठीनेच जेमतेम नाक्यापर्यंत जाणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या साठीच्या काकांना ७. माझ्या मते घरच्यांनी सगळ्यात आधी बोलावं ते याच तीन गुणांबद्दल.

गैरसमज : जास्त दिवस राहिलेलं बरं.
पडून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणूनच त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभं करतात. डेन्मार्कमध्ये २००० साली दहा-अकरा दिवस चालणारा मुक्काम २००९ पर्यंत चारेक दिवसांवर आला. टाके काढायला थांबावं लागत नाही, ते साधारण दोन आठवड्यांनी ओपीडीत निघतात.

गैरसमज : डॉक्टरांनी सांगितलेला आकडा पक्का.
तो अंदाज असतो. गोळ्यांवर दुखणं आटोक्यात आहे, जखम कोरडी आहे, स्वतः उठून संडासला जाता येतं, जिना जमतो, हे पाहूनच सोडतात. वेदना, चक्कर आणि अशक्तपणा यांनी मुक्काम लांबतो. कधी नुसता एक्स-रे राहिलेला असतो.

यातलं बरंच आधी हातात असतं. साखर आणि हिमोग्लोबिन ऑपरेशनआधीच ताळ्यावर आणा. फिजिओथेरपिस्टना घर कितव्या मजल्यावर आहे ते सांगा, म्हणजे ते जिना नीट करून घेतील : चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणून ठेवा. आणि मोरीचं दार टेप लावून मोजा, वॉकर आत गेला पाहिजे.