रिझर्व्ह बँकेच्या दारातील यक्ष

माझी पानिपतास बदली झाल्यापासून गावाकडून येणारे आप्त प्रथम काला आमच्या स्मृतिस्तंभापुढे नतमस्तक होतात. मग सुमारे ९० किलोमीटरवरील दिल्ली! ते लाल किल्ला म्हणतात. मी मात्र त्यांना आधी संसद मार्गावर, रिझर्व्ह बँकेच्या दारी नेतो.

तेथे दोन्ही अंगांस रामकिंकर बैज यांचे प्रचंड पाषाणी यक्ष व यक्षी उभे आहेत. यक्ष म्हणजे कुबेराचा सेवक, निधीचा राखणदार. मथुरेच्या संग्रहालयातील परखमचा प्राचीन यक्ष शिल्पकाराच्या मनात होता; परंतु या यक्षाच्या हाती थैलीसोबत यंत्राचे चक्रही आहे. तो उद्योगाचे प्रतीक, यक्षी शेतीचे. विवस्त्र यक्षीवरून तेव्हा संसदेतही प्रश्न उपस्थित झाला होता.

दगड शोधण्यापासून १९६७ साली काम पूर्ण होईपर्यंत दशकाहून अधिक काळ लोटला. आमच्या नियमांनी हे खाते केव्हाच थकीत ठरले असते! कित्येकदा कार्यालयीन कामासाठी त्या रस्त्याने जाऊनही मी मान वर केली नव्हती, ही खंत आहेच.

पुढे इंडिया गेटजवळ, जयपूर हाउसमध्ये १९५४ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांची चित्रे त्याच्या संग्रहात आहेत. सोमवारी मात्र ते बंद असते.