गोष्टीतील प्राणी कोणाचे?

शेताला जसा धनी असतो, तसा गोष्टीलाही असतो. लेखकाला श्रमांचे फळ मिळावे, म्हणून कायदा त्याला हा हक्क देतो. परंतु तो चिरकाल टिकत नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे लोटली, की त्याचा ग्रंथ सर्वांचा होतो.

रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म १८६५ साली मुंबईत झाला व मृत्यू १९३६ साली. त्यांच्या १८९४ च्या ‘द जंगल बुक’ मधील बल्लू अस्वल आणि बघीरा बिबळ्या आज मुक्त आहेत. त्यांच्यावर कोणीही नवी गोष्ट रचावी! मात्र १९६७ च्या डिस्नेच्या चित्रपटातील त्यांच्या रूपांची मुदत निराळी. अमेरिकेत मिकी उंदराचेही १९२८ मधील रूपच प्रथम, १ जानेवारी २०२४ रोजी, मुक्त झाले.

लेखक समाजाकडूनच शब्द घेतो. अखेर त्याची गोष्ट समाजाकडेच परत येते.