लालबाग ते चिपी : साडेतीनशे किलोमीटरचा हिशेब

९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्गातल्या चिपीच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि लालबाग-परळच्या कोकणी घरांतून एकच प्रश्न विचारला जाऊ लागला : गावाक किती वेळात पोचणार?

अंतर घरबसल्या काढता येतं. मुंबईचा विमानतळ साधारण १९ अंश ५ मिनिटं अक्षांशावर, चिपी १६ अंशांवर. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. फरक १८५ मिनिटांचा, म्हणून दक्षिणेकडे १८५ मैल. चिपी थोडं पूर्वेला आहे, त्याचे आडवे ३८ मैल. पायथागोरसाच्या नियमानं तिरपी रेघ निघते १८९ मैल, सुमारे ३५० किलोमीटर. रेल्वेनं हाच पल्ला पाचशेच्या आसपास जातो.

या मार्गावर अलायन्स एअरचं एटीआर ७२ हे पंख्यांचं विमान लावलं होतं. ताशी पाचशेच्या वेगानं ३५० किलोमीटरला ४२ मिनिटं पुरावीत. पण पहिल्या दिवसाचं वेळापत्रक होतं मुंबई ११.३५, चिपी १.००. म्हणजे तब्बल दुप्पट! वेळापत्रकातला वेळ विमान जागचं हललं की सुरू होतो आणि उतरून जागेवर उभं राहिलं की संपतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणानं वापरता येत नाहीत. विमानं रांगेत ताटकळतात. शिवाय पावसाळी वारा पश्चिमेचा, म्हणून उड्डाण समुद्राकडे तोंड करून होतं आणि मग विमान दक्षिणेला वळतं.

त्याआधी घर ते विमानतळ, सामान, तपासणी. उतरल्यावर मालवण किंवा कुडाळला पाऊण-एक तास. सगळं धरून पाच तास तरी जात. मध्यरात्री दादरहून सुटणारी तुतारी एक्सप्रेस सावंतवाडीला दुपारी पोचवते. विमानानं सात तास वाचत, हे कमी नव्हतं. म्हाताऱ्या आईवडिलांना नेणाऱ्याला तर ते मोलाचेच होते.

म्हणूनच २०२४च्या ऑक्टोबरात ही फेरी बंद पडली त्याचं फार वाईट वाटलं. उडान योजनेचं तीन वर्षांचं अनुदान संपल्यावर असा मार्ग वाऱ्यावर सोडणं मला मान्य नाही. गावी जायचं ते गणपतीला; गणपती भाद्रपदात येतो, पाऊस ओसरलेला नसतो, ढग खाली आले की फेऱ्या रद्द होत; तरीही चाकरमानी तिकीट काढत होता.

आता मुंबईकडची बाजू सुधारली आहे. २०२५च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रो गिरगाव आणि दादरहून थेट विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांपर्यंत नेते. लालबागकराला शिवडीचा अटल सेतू हाकेच्या अंतरावर आहे, आणि पलीकडे नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली आहेत. गणपतीच्या पंधरवड्यात तरी तिथून चिपीला रोज सकाळी एक विमान सुटायला हवं, आणि त्याचं तिकीट गिरणगावातल्या कुटुंबाला परवडायला हवं.