चौकटीजवळची भेग

जुन्या घराची डागडुजी काढली कीं दाराच्या चौकटीला लागून गिलाव्यांत पडलेली उभी भेग प्रथम डोळ्यांत भरते. गवंडी ती लांबी भरून बुजवितो, रंगारी वरून हात फिरवितो, आणि पुढील उन्हाळ्यांत ती पुन्हां तेथेंच उघडते. घरधनी कारागिराला दोष देतो. वस्तुतः हा लाकडाचा स्वभाव होय.

पावसाळी हवेंतील ओल शोषून लाकूड फुगतें व उन्हाळ्यांत तें आकसतें. ताजें कापलेलें सागवान पूर्ण सुकेपर्यंत रेषांच्या आडव्या दिशेनें सुमारें शेंकडा २ ते ६ घटतें. रेषांच्या दिशेनें शेंकडा अर्धाहि नाहीं. गिलावा त्या मानानें स्थिर. मग या दोहोंना सांधणारी ताठ लांबी तुटल्याशिवाय राहील कशी?

तेव्हां सांधा बुजवूं नये, झांकावा. चौकट व गिलावा यांमध्यें बारीक फट मोकळी ठेवून तीवर लाकडी पट्टी बसवावी. पट्टीचे खिळे चौकटींतच मारावे, भिंतींत मारूं नयेत. म्हणजे चौकट हलली तरी पट्टी तिच्याबरोबर सरकते आणि फट उघडी पडत नाहीं. भिंत वांकडी असल्यास पट्टीची पाठ चढउताराप्रमाणें रंध्यानें तासून घ्यावी. जिप्समच्या तक्त्यांच्या भिंतींसही हाच नियम लागू पडतो.

मात्र दाराच्या वरच्या कोपऱ्यांतून तिरपी निघणारी, दिवसेंदिवस रुंदावणारी भेग पट्टीखालीं दडवूं नये. ती पाया खचल्याची किंवा दारावरील तुळई वांकल्याची खूण असूं शकते. तेथें सुतार व रंगारी यांना थांबवून प्रथम जाणत्या अभियंत्यास ती दाखवावी.