ही खेळी नक्की कुणाची?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक घोळ घातला होता. 'माझ्या नव्या पद्धतीमुळे निकाल सुधारला,' असं सरांना मोठ्या आनंदाने सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "डेटा आधी कुणी साफ केला होता?" सगळी सुधारणा तिथलीच निघाली! तीन आठवडे पाण्यात. हा घोळ समजावून सांगायला मी हल्ली बुद्धिबळातला एक डाव वापरते.

न्यूयॉर्क, ११ मे १९९७. कास्पारोव्ह विरुद्ध आयबीएमचा डीप ब्लू, सहावा आणि शेवटचा डाव. गुण २.५-२.५ असे बरोबरीत. काळ्या मोहऱ्या घेऊन कास्पारोव्ह कॅरो-कान बचाव खेळला आणि सातव्या खेळीला त्याने प्यादं एच-६ वर सरकवलं. नेहमीचा क्रम असा, की आधी उंट डी-६ वर न्यायचा. म्हणजे राजाला एफ-८ कडे निसटायला वाट राहते. इथे क्रम बदलला, आणि डीप ब्लूने घोड्याचा बळी देऊन ई-६ वरचं प्यादं मारलं. काळा राजा पटाच्या मधोमध अडकला. १९ खेळींत कास्पारोव्हने डाव सोडला.

आता सांगा, हा बळी कुणाला सुचला? 'सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासणाऱ्या यंत्राला,' असं उत्तर पटकन तोंडात येतं. पण ती खेळी त्याच्या ओपनिंग बुकमध्ये होती, माणसांनी आधीच भरून ठेवलेली. यंत्राचं स्वतःचं गणित सुरू होतं ते हे बुक संपल्यावर.

म्हणून एखादा डाव अभ्यासताना तीन गोष्टी करा.

१. इंजिन बंद ठेवून डाव खेळून बघा. जिथे अडाल तिथे प्रश्न लिहा.

२. माहीत असलेली ओपनिंग कुठे संपते तिथे रेघ मारा. संशोधनात हेच काम पूर्वसाहित्याचा आढावा करतो.

३. एकच खेळी बदला, बाकी तसंच ठेवा. इथे उंट आधी काढून बघा आणि तोच बळी किती चालतो ते तपासा. हा झाला तुमचा कंट्रोल.

आणि हो, या एका डावावरून 'कॅरो-कान वाईट' असं लिहू नका. ती आजही अव्वल स्तरावर खेळली जाते. चुकला तो एक क्रम.

तुमच्या निकालात ही रेघ कुठे पडते, ते गाईडने विचारायच्या आत स्वतःच शोधून ठेवा.